ताईने आणलेला चाकू

चाकूच्या दुकानात येऊन कमी धारेचा चाकू मागणारं गिऱ्हाईक दुकानवाल्या बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या ताईला नीट न्याहाळलं.

"कमी धारेचा म्हणजे कसा?"

"म्हणजे कापेल, पण फार कापणार नाही असा."

"काय कापायचंय?"

"डोळे," ताई बोलून गेली, आणि बाईंचा चेहरा पाहून तिने घाईघाईने पुस्ती जोडली, "गुलाबाचे हो. कलमाचं काम. माझा भाऊ नर्सरीत डोळे भरतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे भरणारे लोक त्यांच्याकडे नेहमी यायचे. जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतात असलेला तो इवलासा कोंब, सालीसकट अलगद उचलायचा आणि त्या चिरेत बसवून पट्टीने बांधून टाकायचा. ज्याचा हात बसलेला असतो तो हे काम गप्पा मारता मारता करतो, आणि ताईच्या भावाचा हात चांगलाच बसलेला होता. त्याच्यासारखा डोळा आपल्याकडे कोणी भरत नाही, असं नर्सरीचा मालक म्हणायचा, आणि मालक काही उठसूट कौतुक करणाऱ्यातला नव्हता.

"मग भाऊ का नाही आला? चाकू ज्याचा त्याने हातात धरून घ्यावा. दुसऱ्याच्या पायाने कोणी चप्पल घेतं का?"

"त्याला वेळ नाही," ताई म्हणाली.

हे धडधडीत खोटं होतं. भावाकडे वेळच वेळ होता. थंडी सरता सरता त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. शेजाऱ्यांनी वेळेवर दार तोडलं म्हणून वाचला. तेव्हापासून तो ताईच्या घरी, पुढच्या खोलीतल्या दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. काय केलं, कसं केलं, हे ताईने कोणाला सांगितलं नव्हतं आणि आपणही ते उकरायला नको. चाकूचा त्यात काही संबंध नव्हता, एवढं सांगितलं की पुरे. पण घाबरलेलं माणूस संबंध बघत बसत नाही.

त्याला दवाखान्यातून घरी आणायच्या आधी ताईने घर पालथं घातलं होतं. सुऱ्या, कात्र्या, नवऱ्याचं दाढीचं सामान, सगळं गोळा करून तिने कामावर न्यायच्या पिशवीत कोंबलं. तेव्हापासून घरात जे हाताने मोडता येईल तेच शिजत होतं. शेंगा मोडायच्या, कोबी फाडायचा, टोमॅटो सरळ पिळायचे. नवऱ्याने दाढी वाढवली. ती त्याला अजिबात शोभत नव्हती, पण बिचारा ब्र काढत नव्हता. ताई दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करायची. तिथे एका पेशंटने पेन मागितलं, तेव्हा तिने पिशवीत हात घातला आणि भाजीची सुरी काढून त्याच्यापुढे धरली. त्या माणसाची दाढ तेव्हाच्या तेव्हा दुखायची थांबली.

भावाचा स्वतःचाही एक चाकू होता, धार लावून लावून पातं निम्मं झिजलेला. तो तिने त्याच झपाट्यात भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला.

आणि आता नर्सरीत खुंट तयार झाले होते. मालकाचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या त्याला, कामाची त्याला गरज आहे. परवा चहा पिता पिता भावाने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मला चाकू लागेल. घडीचा, लाकडी मुठीचा. सरळ धारेचा नको, वळलेल्या धारेचा. तूच आण. मी नाही येत दुकानात." इतके शब्द तो एका दमात कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. त्या आनंदात ताई "बरं" म्हणून बसली.

दुकानवाल्या बाईंनी काउंटरवर हिरवं फडकं पसरलं आणि खणातून तीन चाकू काढून ओळीने मांडले. पहिला सरळ, टोकदार. ताईने त्याला हातही लावला नाही, बोटाने फडकं ओढून तो लांब सारला. दुसऱ्याचं पातं चोचीसारखं आत वळलेलं होतं.

"हा छाटणीचा," बाई म्हणाल्या. "फांदीला अडकवायचा आणि ओढायचा."

ओढायचा हा शब्द ताईला आवडला नाही.

"मग हाच तुमचा." बाईंनी तिसरा उघडला. मूठ गडद लाकडाची, तळव्यात मावेल एवढी, दोन्ही टोकांना पितळ. पातं आखूड. त्याची पाठ सरळ होती, धार मात्र पोटाशी भरलेली आणि टोकाकडे गोलाईने वर चढत गेलेली. "सालीवर आडवा काप घ्यायचा तर पातं नुसतं डोलवायचं. सरळ धार रुतून बसते. ही फिरते, आतल्या लाकडाला दुखवत नाही."

ताईला प्रत्येक चाकू दोनदा दिसत होता. एकदा भावाच्या हातात, नर्सरीत, तो गुलाबाच्या वाफ्यात वाकून बसलेला असताना. आणि एकदा ती डोळे मिटून घ्यायची तेव्हा. या तिसऱ्याचं टोक गोल होतं. त्यातल्या त्यात तोच तिला सोसवला.

"याचं टोक अजून थोडं घासून द्याल का?"

"टोकच नाहीये त्याला, घासू काय?"

"आणि उघडायला कडक आहे ना? चटकन उघडायला नको."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि त्याच जातीचे आणखी काही चाकू काढले. ताईने एकेक उघडून पाहिला. जो उघडता उघडेना, ज्याच्या खाचेत नख घालून कळ येईपर्यंत ओढावं लागलं, तो तिने बाजूला ठेवला.

"नख मोडेल त्याचं," बाई म्हणाल्या.

"मोडू दे."

"ताई, तुम्ही भावासाठी घेताय की भावाच्या वैऱ्यासाठी?"

ताई हसणार होती, पण तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती पिशवीत तोंड घालून पैसे शोधू लागली. "घरी लहान मूल आहे," ती म्हणाली. एका अर्थी ते खरंच होतं. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढ्या उंचीच्या त्या भावाला घरात अजूनही बारक्याच म्हणत.

बाईंनी चाकू पुसला. खोक्यात घालताना म्हणाल्या, "धार मी स्वतः लावलीय. या कामाला दाब देऊन चालत नाही. दाबलं की साल चिरडते आणि डोळा मरतो. सांगा त्याला."

तो जन्मभर हेच करत आलाय, त्याला काय सांगायचं, असं ताईच्या मनात आलं. पण तिने मान हलवली आणि बाहेर पडली.

घरी पोचेपर्यंत ते खोकं पिशवीत जड जड होत गेलं. इमारतीच्या मागच्या जिन्यापाशी आली आणि थांबली. ती पहिल्या पायरीवर बसली, इकडेतिकडे पाहिलं, खोकं उघडलं, नखाने ओढून ओढून चाकू उघडला आणि त्याची ती गोल धार दगडी पायरीवर उलटीसुलटी घासायला लागली. कर्र कर्र आवाज यायला लागला. आपण काय करतोय हे तिला चांगलं कळत होतं. कळत असूनही हात थांबत नव्हता, आणि प्रत्येक घासण्याबरोबर छातीवरचं ओझं थोडं थोडं उतरत होतं.

तळमजल्यावरचे काका कचऱ्याची बादली घेऊन आले. "काय, धार लावताय?"

"हो ना," ताई म्हणाली.

"वा," काका म्हणाले आणि बादली रिकामी करायला गेले.

घरात शिरली तर स्वयंपाकघरातून कोबी फाडल्याचा आवाज येत होता. नवरा आज लवकर आला होता. बारक्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसला होता, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. कोणी न सांगता. तो पडलेला असला की ताईला भीती वाटायची, आणि तो असा अचानक बरा दिसायला लागला की त्याहून जास्त वाटायची. त्याच्यासमोर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या गुलाबाच्या काड्या होत्या. हात बसवून घे म्हणून मालकाने पाठवल्या होत्या.

"आणलास?"

तिने खोकं त्याच्यासमोर ठेवलं आणि पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

बारक्याने चाकू बाहेर काढला. मूठ तळव्यात फिरवून पाहिली, बोटं मिटून वजन घेतलं. खाचेत नख घातलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "भलताच कडक आहे गं." पण त्याने तो उघडला, गोल धारेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "बरोबर निवडलास. असाच पाहिजे होता."

मग त्याने एक काडी उचलली, पातं डोळ्याखाली टेकवलं आणि हलकेच ओढलं. पातं घसरलं. त्याने पुन्हा टेकवलं, थोडा दाब दिला. साल चिरडली, आणि डोळा दोरे निघालेल्या चिंधीसारखा लोंबत हातात आला. बारक्याने तो चिमटीत धरून पाहिला, मग चाकू खिडकीकडे धरला. धारेवर उजेडाची एक पांढरी रेघ चमकली. चांगल्या धारेवर उजेड दिसत नाही, हे ताईला माहीत नव्हतं. त्याला होतं.

"दुकानातून असाच आला?"

"हो."

"चौकाच्या कोपऱ्यावरच्या त्या चष्मेवाल्या बाईंकडून?"

"हो म्हटलं ना."

"ताई, त्या बाई स्वतः धार लावतात. असला चाकू त्या पायपुसणं फाडायलाही देणार नाहीत कोणाला."

ताई घाबरली. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे. "तुला कसं माहीत, त्या बाईंचं दुकान?"

"मी गेलो होतो. तू शेंगा आणायला पाठवलं होतंस ना, त्या दिवशी." तो काडीकडे बघत बोलत होता. "दारात उभा राहिलो. आत नाही गेलो. म्हटलं, मी घेतला तर कशासाठी घेतला ते माझं मलाच कळणार नाही. कामासाठीच घेतोय असं मी स्वतःला सांगेन. पण मी स्वतःला काहीही सांगत असतो, ते बघितलंच आहेस तू." तो थांबला. "तू आणलास तर तो कामाचाच असणार. म्हणून तुला सांगितलं."

स्वयंपाकघरातला कोबीचा आवाज बंद झाला होता.

"आणि तू त्याची धार घालवून आणलीस," बारक्या म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज नुसता दमलेला होता.

इतके महिने ताई त्याच्याशी गोड गोड बोलत होती. बरं वाटतंय का, थोडं खातोस का, पंखा लावू का. खरं ते एकदाही तोंडातून निघालं नव्हतं. आता पिशवी हातातून खाली घसरली, आतल्या सुऱ्या खणखणल्या आणि ती बोलायला लागली.

"मला भीती वाटते रे. सकाळी डोळे उघडले की वाटायला लागते. तू आंघोळीला गेलास की मी बाहेर नळाचा आवाज ऐकत उभी असते. आवाज बंद झाला की माझा श्वास बंद होतो. तू हसलास तरी वाटते, शर्ट बदललास तरी वाटते. मला तो चाकू आणायचाच नव्हता. मी पायरीवर बसून घासला तो."

बारक्याने चाकू खाली ठेवला. मग म्हणाला, "मलाही वाटते. रोज नाही. पण वाटते."

हे या घरात आजवर कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ताईचा नवरा अर्धा फाडलेला गड्डा हातात घेऊन दारात येऊन उभा होता. "मलाही वाटते," तो म्हणाला. "पण मला कोणी विचारतच नाही."

बारक्याच्या तोंडावर हसू आलं. "भाऊजी, तुमची दाढी बघून तर सगळ्यांनाच वाटते," तो म्हणाला आणि त्याने गालावरून हात फिरवला. "धारेचा दगड कुठाय गं?"

तो तांदळाच्या डब्याच्या तळाशी होता. ताईने कोपरापर्यंत हात घालून तो बाहेर काढला.

"दगडाने काय केलं होतं?" बारक्याने विचारलं.

त्याने दगडावर पाणी शिंपडलं आणि पातं आडवं धरून गोल गोल फिरवायला लागला, पोटापासून टोकाकडे, वळण कुठेही न मोडता. ताईला उठून आत जावंसं वाटत होतं. पायरीवरच्या घासण्याच्या आवाजात आणि या आवाजात फार फरक होता, तरी तिला तो सहन होत नव्हता. ती त्याच्यासमोर बसून राहिली. मध्येच तो धार खिडकीकडे धरायचा. पांढरी रेघ बारीक बारीक होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली.

"आता बघ," तो म्हणाला. नवी काडी घेतली, पातं डोळ्याच्या एका बाजूला टेकवलं, दुसऱ्या बाजूला स्वतःचा अंगठा ठेवला आणि चाकू स्वतःकडे ओढायला सुरुवात केली.

ताईचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

त्याने हात सोडवून घेतला नाही. "ताई, हे असंच करतात. चाकू आपल्याकडेच ओढावा लागतो. पलीकडे ढकलला तर डोळा तुटतो. समोर अंगठा असतो ना, तो थांबवतो."

"आणि नाही थांबवलं तर?"

"तर अंगठ्याला लागतं. म्हणून तर तो थांबवतो."

ताईने एकेक बोट करत त्याचं मनगट सोडलं. चाकू काडीतून आवाज न करता सरकला आणि अंगठ्यापाशी येऊन थांबला. एक हिरवा डोळा, खाली सालीची छोटीशी होडी, पूर्ण आणि न दुखावलेला, त्याने तिच्या तळव्यावर ठेवला. तो अजून ओला होता.

"संध्याकाळी आलो की चाकू तुझ्याकडे," तो म्हणाला. "सकाळी जाताना मला द्यायचा. मी विसरलो तरी तू मागून घ्यायचा."

नेमकं हेच कसं म्हणावं याचा विचार करण्यात ताईचे दिवस गेले होते. "आणि दिवसा, तिकडे असताना, काही वाटायला लागलं तर?"

"चाकू मालकाकडे देईन आणि तुला फोन करीन."

"नक्की?"

"प्रयत्न करीन," बारक्या म्हणाला.

त्याने नक्की म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. फोन करीन, नक्की, असं तो थंडीतही म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी तो गेला. ताईने दवाखान्यात अक्षरशः धुमाकूळ घातला. दाढ काढायला आलेल्या बाईंना तिने दात साफ करायला आत पाठवलं, दात साफ करायला आलेल्याला भूल द्यायच्या खुर्चीवर बसवलं, आणि डॉक्टर ओरडले तेव्हा ती फोनकडेच बघत होती. फोन आला नाही. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, की करता आला नाही, हे ठरवण्यात दुपार गेली.

संध्याकाळी ती खिडकीत उभी राहिली. नेहमीच्या बसमधून तो उतरला नाही. पुढच्या बसमधूनही नाही. नवरा म्हणाला, "पहिला दिवस आहे, उशीर होणारच," आणि मग तोही येऊन तिच्याशेजारी खिडकीत उभा राहिला. त्यानंतरच्या बसमधून बारक्या उतरला. अंगभर माती होती, आणि डाव्या अंगठ्याला पट्टी गुंडाळलेली होती.

तो जिना चढून येईपर्यंत ताई दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडताच तिने काही न विचारता त्याचा हात हातात घेतला आणि पट्टी सोडायला लागली. डोळे बांधायचीच पट्टी होती ती, घट्ट बसलेली. त्याने हात तिच्या हातात तसाच राहू दिला. शेवटचा वेढा सुटला. अंगठ्याच्या पोटावर एक छोटासा तिरका काप होता, पातं जिथे येऊन थांबतं बरोबर तिथेच. दुसरीकडे कुठेही काही नव्हतं. ताईने तो काप नीट पाहिला, मनगट उलटं करून पाहिलं, पुन्हा अंगठा पाहिला.

"हात बसायला वेळ लागेल थोडा," बारक्या म्हणाला. "सगळे हसले मला. नवीन माणूस आलाय म्हणाले."

"हसू देत," ताई म्हणाली. तिने पट्टी होती तशी पुन्हा गुंडाळली. आपण रडतोय हे तिला गालावर ओलं लागलं तेव्हा कळलं.

बारक्याने खिशातून घडी केलेला चाकू काढून तिच्या हातात दिला. ठरल्याप्रमाणे तिने पिशवीची चेन उघडली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तिने पिशवी खाली ठेवली, चाकूच्या खाचेत नख घातलं आणि जोर लावला. चाकू उघडला आणि तिचं नख मोडलं. खिडकीत कालची एक काडी पडली होती. तिने पातं सालीवर टेकवून ओढलं. पातं घसरलं.

"धार गेली की रे याची."

"दिवसभर काम केलं की जातेच," बारक्या म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला.

ताई स्वयंपाकघरात गेली. दगड आता डब्यात नव्हता, नळाच्या बाजूला उघड्यावर होता. तिने तो ओला केला, बाहेर आणला आणि भावासमोर जमिनीवर बसली.

"दाखव, कसा धरायचा," ती म्हणाली. "सकाळी तुला लागेल."